भर दुपारी सर्व्हर अपडेट करायचा, काउंटर बंद न पाडता

सकाळचे पावणेबारा वाजले होते. आम्ही काही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. त्यांतल्या एका शाखेतून फोन आला, "पावती निघत नाहीये, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय." पाच मिनिटांत तसेच आणखी चार फोन. काउंटरसमोर रांग, कॅशियर नोटा मोजून बसलेला, आणि एंट्री काही होईना. लॉग उघडला तर डेटाबेस ११:४२ ला बंद होऊन पुन्हा सुरू झालेला. आमच्यापैकी कोणीही त्याला हात लावला नव्हता.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. आमच्या सर्व्हरवर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिच्यात सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारी एक सेवा असते. ती सकाळी ६ वाजता जागी होते आणि त्यात तासाभरापर्यंतचा उशीर मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे जगातले सगळे सर्व्हर एकाच मिनिटाला अपडेट मागायला धावत नाहीत. आमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. यूटीसीचे सकाळचे ६ म्हणजे आपले साडेअकरा. त्या दिवशी पोस्टग्रेसचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, पॅच (दुरुस्तीचं छोटं अपडेट) आला होता. पॅकेज बसलं, आणि पॅकेज बसलं की डेटाबेस रीस्टार्ट होतोच. तो काही सेकंदांत परत उभा राहिला, पण अ‍ॅप्लिकेशनने धरून ठेवलेली जुनी कनेक्शन तुटली होती आणि ती नव्याने जोडायची सोय आमच्या कोडमध्ये नव्हती. १७ मिनिटं व्यवहार ठप्प.

बैठकीत ठरलं की आपोआप अपडेट बंद करायचं. त्यानंतर आठ महिने एकही पॅच लागला नाही, आणि खरा धोका तिथे होता. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला. त्यानं विंडोजमधल्या ज्या भोकातून, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीतून, शिरकाव केला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ५९ दिवस तो हाताशी होता. ज्यांनी लावला नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांचं कारण आमच्यासारखंच असणार: सिस्टीम बंद ठेवायला वेळ कुठून आणायचा?

नव्याने सर्व्हर हातात आलेल्या माणसासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून आमचीच रचना घेतो: उबुंटूवर चालणारे दोन अ‍ॅप सर्व्हर, त्यांच्यापुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या दोघांत वाटणारा), मागे पोस्टग्रेसचा मुख्य डेटाबेस आणि त्याची एक रेप्लिका, म्हणजे सतत ताजी राहणारी प्रत. तुमच्याकडची नावं वेगळी असतील, पण क्रम बहुतेक हाच राहील.

१. आधी कुठे काय चालतंय ते लिहून काढा

प्रत्येक मशीनसाठी एक ओळ पुरे. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती आणि तिची आवृत्ती कोणती, त्यावर कोणत्या सेवा चालतात, घड्याळ कोणत्या वेळेवर आहे, आपोआप अपडेट चालू की बंद, शेवटचा रीबूट कधी झाला. घड्याळाचा रकाना आमच्या यादीत नव्हता म्हणून वरचा प्रकार घडला.

आवृत्तीसमोर तिचा पाठिंबा कधी संपतो तेही लिहा. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं नेहमीची सुरक्षा अपडेट मिळतात, पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीलाही साधारण ५ वर्षं. मुदत संपलेल्या मशीनवर "अपडेट काहीच नाही" असा संदेश येतो आणि नवखा माणूस निश्चिंत होतो. तिथे नवीन काही येणंच बंद झालेलं असतं.

कंटेनर (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट बांधलेला डबा) वापरत असाल तर त्यांची यादी वेगळी करा. मशीनवरचं ओपनएसएसएल (कनेक्शन कूटबद्ध करणारी लायब्ररी) अपडेट केल्याने कंटेनरच्या आतलं ओपनएसएसएल बदलत नाही. कंटेनर ज्यातून उभा राहतो ती इमेज नव्याने बांधून ती पुन्हा चढवावी लागते. मशीन ताजं आणि आत चालणारी इमेज दोन वर्षांपूर्वीची, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

२. कोणता पॅच आज, कोणता पुढच्या आठवड्यात

सगळ्यांना सारखीच घाई नसते. मी तीन प्रश्न विचारतो. हे भोक इंटरनेटवरून, लॉगिन न करता वापरता येतं का? त्याचा वापर कुठे सुरू झालाय का? आपल्याकडे तो भाग खरंच चालू आहे का? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीतलं लॉगफोरशेल हे भोक उघड झालं तेव्हा तिन्ही उत्तरं 'हो' होती. लॉगमध्ये लिहिला जाणारा एक मजकूर पाठवला की हल्लेखोराचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालायचा. अशा वेळी आठवड्याच्या वेळापत्रकाची वाट बघायची नसते.

माहितीसाठी दोन ठिकाणं नेमाने बघा. एक, सर्ट-इन, म्हणजे भारत सरकारची संगणक सुरक्षेतल्या घटना हाताळणारी संस्था. तिच्या सूचना मोफत मिळतात. दुसरं, अमेरिकेच्या सिसा या संस्थेची, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या भोकांची यादी. गंभीरतेचा १० पैकी आकडा दिलेला असतो, पण ९.८ चं भोक तुमच्याकडे बंद असलेल्या भागात असेल आणि ७.५ चं लॉगिनच्या पानावर असेल, तर ७.५ वाल्याला आधी हात घाला.

बाकीच्या पॅचसाठी ठरलेला वार असू द्या. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. विंडोजचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, पण अमेरिकेच्या वेळेने. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून विंडोजवाल्यांनी बुधवारची सकाळ धरून चाला.

३. फाइल बदलली म्हणजे पॅच लागला असं नाही

ही पायरी सगळ्यात जास्त लोकांकडून निसटते, म्हणून इथे जरा थांबतो.

अपडेटची कमांड चालवली की डिस्कवरची फाइल बदलते. पण जी सेवा गेल्या तीन महिन्यांपासून चालू आहे, तिनं जुनी फाइल सुरू होतानाच मेमरीत घेतलेली असते. डिस्कवर नवीन आलेलं तिला कळतही नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भोक उघड झालं तेव्हा लाखो लोकांनी ओपनएसएसएल अपडेट केलं. ज्यांनी वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, त्यांच्याकडून मेमरीतला मजकूर पुढेही गळत राहिला.

एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चाचणीच्या मशीनवर ओपनएसएसएल अपडेट करा, काहीही रीस्टार्ट करू नका, आणि एलएसओएफ या कमांडने उघड्या फाइलींची यादी काढा. त्यात लायब्ररीच्या नावापुढे 'पुसलेली' अशी खूण असलेल्या ओळी दिसतील. डिस्कवरून गेलेली, पण कोणीतरी अजून हातात धरलेली फाइल. डावीकडे त्या प्रोसेसचं नाव असतं: एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस, एसएसएच (दूरून लॉगिनची सेवा). ती यादी रिकामी होईपर्यंत तुमचा पॅच लागलेला नाही.

रोजच्या कामासाठी उबुंटू आणि डेबियनवर नीडरीस्टार्ट नावाचं साधन हेच तपासून सांगतं, रेड हॅटच्या घराण्यात नीड्स-रीस्टार्टिंग. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बदलला असेल तर उबुंटू रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार करून ठेवतो. ती दिसली की रीबूट बाकी आहे असं समजा.

सापळा: नीडरीस्टार्ट काही आवृत्त्यांत न विचारता सेवा रीस्टार्ट करतो. त्याची सेटिंग 'फक्त यादी दाखव' अशी करून घ्या. रीस्टार्ट कधी करायचा हे तुम्ही ठरवायचं.

आणि रीलोड व रीस्टार्ट यांत गल्लत करू नका. एनजिनएक्सला रीलोड दिला की तो नवीन कॉन्फिगरेशन वाचतो, चालू कनेक्शन तुटत नाहीत, सगळं छान दिसतं. पण मुख्य प्रोसेस जुनीच राहते, तिच्या मेमरीतला कोडही जुनाच. सुरक्षा पॅचसाठी रीलोड पुरत नाही.

४. कोणतंही एक मशीन कधीही बाजूला काढता आलं पाहिजे

रीस्टार्ट टळत नाही, हे वरच्या पायरीत दिसलं. मग सेवा चालू कशी राहणार? एक मशीन बाजूला काढलं तरी दुसरं सगळा भार उचलू शकेल, अशी आधीपासून तजवीज असेल तर. पॅचिंगचं निम्मं काम पॅचच्या दिवसाआधीच होतं ते असं.

दोन सर्व्हर असतील तर गर्दीच्या वेळी प्रत्येकाचा प्रोसेसर ५० टक्क्यांच्या आत हवा. मी ४० ची रेघ ओढतो, कारण उरलेल्या मशीनवर भार दुप्पट होतो तेव्हा तो सरळ रेषेत वाढत नाही. दोन्ही मशीन ७० टक्क्यांवर असतील तर तुमच्याकडे दोन भागांत वाटलेला एकच सर्व्हर आहे.

लॉगिनची माहिती अ‍ॅप सर्व्हरच्या मेमरीत ठेवू नका. ती रेडिस या वेगळ्या, झटपट साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये ठेवा. नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की त्यावरचे सगळे लोक बाहेर फेकले जातात, आणि अर्धा फॉर्म भरलेल्या माणसाच्या दृष्टीने सिस्टीम पडलेलीच असते.

अ‍ॅपला तब्येत सांगणारा एक पत्ता असू द्या. त्यानं नुसतं "मी जिवंत आहे" म्हणू नये, डेटाबेसला जोडलेला आहे का तेही तपासून सांगावं. आणि डेटाबेसचं कनेक्शन तुटलं तर अ‍ॅपने ते आपणहून जोडून घ्यावं. आमच्याकडे या एका गोष्टीनं १७ मिनिटं घेतली होती.

तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तर मी स्पष्ट सांगतो: शून्य डाउनटाइम होणार नाही. आदल्या दिवशी कळवून दोन मिनिटं बंद ठेवा आणि पॅच लावा.

५. वेळ आणि सामग्री

'रात्री कोणी नसतं' हे गृहीत धरण्याआधी आठवड्याभराचा ट्रॅफिकचा आलेख काढा. आमच्याकडे पिग्मी एजंट संध्याकाळी ६ ते ९ मध्ये दुकानादुकानांतून गोळा केलेली रक्कम मोबाइलवरून भरायचे. रात्री १० नंतर दिवसअखेर चालायची, मग व्याजाची आकारणी, मग बॅकअप. सगळ्यात शांत वेळ निघाली दुपारी साडेतीन ते पाच! शिवाय त्या वेळी सगळी टीम जागी आणि जागेवर असते. रात्री दोनला अडकलात तर फोन उचलायला कोणी नसतं. महिनाअखेर, ३१ मार्चच्या आसपासचे दिवस आणि दिवाळीआधीचा आठवडा मात्र टाळा. शुक्रवारही नको.

काम सुरू करण्याआधी हाताशी हवं ते:

– ताजा बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर परत उभा करून बघितल्याची तारीख
– मशीनच्या कन्सोलपर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता: क्लाउडवर सीरियल कन्सोल, स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये आयपीएमआय (मशीन दूरून हाताळायची सोय). एसएसएच गेलं तर हाच आधार
– टीमक्स किंवा स्क्रीन यांपैकी एक साधन. अपडेट अर्धवट असताना तुमचं वायफाय गेलं तरी काम पुढे चालू राहतं
– बूट विभागात मोकळी जागा. जुने कर्नल साठून तो भरतो आणि नवीन कर्नल अर्धवट बसतो. आधी जुने काढून टाका
– सध्याच्या सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी, फाइलमध्ये जतन केलेली
– तिसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून दर सेकंदाला साइटला विनंती पाठवून उत्तराचा आकडा लिहिणारी छोटी स्क्रिप्ट

शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण मी तिच्याशिवाय हात लावत नाही. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यात ती चालू असते: २००, २००, २००, म्हणजे सगळं ठीक. उजव्या अर्ध्यात काम. डावीकडे ५०२ किंवा ५०३, म्हणजे सर्व्हरची चूक, दिसलं की हात थांबवायचा. "डाउनटाइम झाला नाही" हे नंतर कोणी विचारलं तर पुरावा म्हणून तीच फाइल दाखवता येते.

६. अ‍ॅप सर्व्हर, एकेक करून

नुसता सर्व्हर बंद केला तर काय होतं ते आधी समजून घ्या. एचएप्रॉक्सी नेहमीच्या सेटिंगमध्ये दर २ सेकंदांनी तब्येत तपासतो आणि लागोपाठ ३ वेळा उत्तर नाही आलं तरच सर्व्हर बाद धरतो. म्हणजे साधारण ६ सेकंद तो मेलेल्या मशीनकडे लोक पाठवत राहतो. दर सेकंदाला ५० विनंत्या येत असतील तर त्यांतल्या निम्म्या, म्हणजे दीडशे विनंत्या अडखळतात. म्हणून क्रम असा:

पहिलं, लोड बॅलन्सरला सांगून सर्व्हर 'ड्रेन' अवस्थेत टाका. नवीन लोक दुसऱ्या मशीनकडे वळतात, आत असलेले आपलं काम संपवतात. चालू कनेक्शनचा आकडा उतरताना बघा. आमच्याकडे ४० सेकंदांत तो शून्यावर यायचा.

इथे एक सापळा आहे ज्यात मी स्वतः अर्धा तास अडकलो. कुकीने माणूस एकाच सर्व्हरला बांधलेला असेल, तर ड्रेनमध्येही एचएप्रॉक्सी अशा बांधलेल्या लोकांना त्याच मशीनकडे पाठवतो. आकडा खाली येतच नाही. लॉगिनची माहिती रेडिसमध्ये असेल तर सरळ 'मेंटेनन्स' अवस्थेत टाका, लोक दुसऱ्या मशीनवर न अडखळता जातील. वेबसॉकेटसारखी तासन्‌तास चालणारी कनेक्शन असतील तर त्यांनाही मुदत ठरवून तोडा, मात्र मोबाइल अ‍ॅप पुन्हा जोडून घेतं ना, हे आधी तपासलेलं असावं.

दुसरं, रिकाम्या झालेल्या मशीनवर अपडेट चालवा. मध्येच 'तुमची कॉन्फिगरेशन फाइल ठेवू की नवीन घेऊ' असा प्रश्न येतो. तुमची ठेवा. फरक आधी चाचणीच्या मशीनवर वाचलेला असावा. घाईत 'नवीन' निवडलं तर तुम्ही केलेल्या सगळ्या सेटिंग उडतात.

तिसरं, रीबूट करा. फक्त सेवा रीस्टार्ट करून भागत असेल तरी मशीन रिकामंच आहे तर रीबूटच करा. रीबूटनंतर आपोआप उभं राहतं का, हे कळायची याहून चांगली वेळ नाही. ४०० दिवस न रीबूट झालेलं मशीन बघून लोक खूश होतात, मला त्याची भीती वाटते. मधल्या काळात कोणी डिस्क जोडली आणि तिची नोंद चुकीची केली असेल, एखादी सेवा हाताने सुरू करून ठेवली असेल, ते सगळं त्या एका रीबूटला बाहेर येतं.

चौथं, परत घेण्याआधी थेट त्या मशीनला विनंती पाठवून बघा. लॉगिन करा, एक पावती काढा, एक अहवाल उघडा. पायरी ३ मधली यादी रिकामी झाली का तेही बघा.

पाचवं, लोड बॅलन्सरमध्ये परत घ्या आणि थांबा. किमान अर्धा तास. चुकांचा लॉग आणि मेमरी बघत राहा. लगेच दुसऱ्या मशीनला हात लावायची ऊर्मी येते, ती आवरा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर नेली. ते अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदमच गेलं होतं. पहिलं मशीन अर्धा तास खऱ्या गर्दीत टिकलं की मगच दुसरं.

कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस असेल तर हेच सगळं कॉर्डन, ड्रेन, अनकॉर्डन या तीन कमांडांत होतं. फक्त पॉड डिसरप्शन बजेट, म्हणजे किमान किती पॉड (कंटेनरचे गट) चालू राहिले पाहिजेत ती मर्यादा, लावायला विसरू नका, नाहीतर एका सेवेचे सगळे पॉड एकाच नोडवर (मशीनवर) असले तर ते एकदम जातात.

७. डेटाबेस

इथे अ‍ॅप सर्व्हरसारखं सोपं नाही. लिहिणारा डेटाबेस एकच असतो आणि लिहिणं दोन ठिकाणी चालवता येत नाही.

पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्तीसाठी, समजा १६.३ वरून १६.४ साठी, डेटा हलवावा लागत नाही. नवीन पॅकेज आणि एक रीस्टार्ट. आधी रेप्लिका अपडेट करा, मुख्य डेटाबेस नंतर. त्या वेळापुरत्या दोघांच्या छोट्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तरी चालतं. मोठी आवृत्ती मात्र सारखीच लागते.

रेप्लिका वर आली की ती मागे किती आहे ते बघा. अंतर शून्याच्या जवळ आलं की दोन रस्ते असतात.

पहिला, भूमिका बदलायच्या: रेप्लिका मुख्य होते, जुना मुख्य रेप्लिका होतो. पॅट्रोनी हे साधन ते एका कमांडमध्ये करतं. काही सेकंद लिहिणं थांबतं.

दुसरा रस्ता मला छोट्या टीमसाठी जास्त आवडतो. अ‍ॅप आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटणारा मध्यस्थ ठेवा. कनेक्शन ट्रान्झॅक्शन पद्धतीने, म्हणजे एका व्यवहारापुरतं, वाटायला सांगा. रीस्टार्टच्या वेळी त्याला 'पॉज' सांगायचं. तो चालू व्यवहार पूर्ण होऊ देतो आणि नव्यांना दारात उभं करतो. कोणालाही चूक दिसत नाही, फक्त थांबावं लागतं. डेटाबेस रीस्टार्ट करायचा, मग 'रिझ्यूम'. रांगेतले सगळे आत जातात. माझ्या डाव्या खिडकीत तेव्हा २०० च्या ओळींमध्ये एक ओळ ४ सेकंद उशिरा येते, आणि तीही २०० असते.

हे ४ सेकंदांत व्हावं म्हणून आधी 'चेकपॉइंट' हाताने चालवा. डेटाबेस बंद होताना मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहितो. ते काम आधीच झालेलं असलं की बंद व्हायला वेळ लागत नाही. ही पायरी गाळली तर गर्दीच्या डेटाबेसला मिनिटभरही लागू शकतं, आणि पीजीबाउन्सर रांगेतल्यांना नेहमीच्या सेटिंगनुसार १२० सेकंदच थांबवतो, मग चूक परत करतो.

सापळा: पॉज चालू व्यवहार संपायची वाट बघतो. कोणी वीस मिनिटांचा अहवाल लावून बसला असेल तर तुम्हीही वीस मिनिटं बसाल, आणि तोवर नवीन लोक दारातच. आधी लांब चालणाऱ्या क्वेरींची यादी बघा, त्या माणसाशी बोला.

पोस्टग्रेस आपोआप अपडेटच्या यादीतून वगळा. बाकी पॅकेजांसाठी आपोआप अपडेट चालू ठेवायला माझी हरकत नाही, फक्त घड्याळ भारतीय वेळेवर आणा आणि दोन मशीनच्या वेळा वेगवेगळ्या दिवसांवर टाका.

एक इशारा मराठीत काम करणाऱ्यांसाठी. ऑपरेटिंग सिस्टीमची मोठी आवृत्ती बदलताना, उदाहरणार्थ उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना, अक्षरांचा क्रम लावणारी ग्लिबसी लायब्ररी बदलते. तिच्या २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले. जुन्या नियमांनी बांधलेले इंडेक्स (शोधसूची) मग चुकतात: खातेदाराचं नाव टेबलात असतं, पण शोधल्यावर सापडत नाही. अशा बदलानंतर मजकुराचे सगळे इंडेक्स नव्याने बांधा, आणि जुन्या-नव्या सिस्टीमवर मुख्य आणि रेप्लिका अशी जोडी लावू नका.

८. लोड बॅलन्सर

सगळे त्याच्यामागे, मग तो स्वतः अपडेट कसा करायचा? दोन ठेवायचे आणि कीपअलाइव्हडी या साधनाने एकच आयपी पत्ता दोघांमध्ये फिरवायचा. जो रिकामा आहे त्याला अपडेट करा, पत्ता त्याच्याकडे वळवा, मग दुसरा. पत्ता सरकतो त्या क्षणी चालू असलेली कनेक्शन तुटतात, म्हणून हे काम सगळ्यात शांत दहा मिनिटांत करा. क्लाउडचा तयार लोड बॅलन्सर वापरत असाल तर ही पायरी सोडून द्या.

९. कर्नल आणि लाइव्ह पॅच

रीबूट न करता चालू कर्नलमधलं भोक बुजवता येतं. जुन्या फंक्शनच्या दारात पाटी लावून येणाऱ्याला नव्या फंक्शनकडे वळवायचं, अशी ती युक्ती आहे. लिनक्समध्ये ही सोय २०१५ साली ४.० आवृत्तीत आली. उबुंटूची लाइव्हपॅच सेवा वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत मोफत आहे. रेड हॅट, सुसे आणि ओरॅकलचीही आपापली साधनं आहेत. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये हॉटपॅच आहे, पण तिथेही जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रीबूट ठरलेला असतो.

हे वापराच. पण त्यातून फक्त कर्नलची गंभीर भोकं बुजतात. ओपनएसएसएल, पोस्टग्रेस, तुमचं अ‍ॅप यांना त्याचा काही उपयोग नाही. रीबूट दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येतो, एवढीच सवलत त्यातून घ्या.

१०. आपल्याच प्रोग्रामची नवीन आवृत्ती

पायरी ६ मध्ये अर्धा तास एक सर्व्हर नवा आणि एक जुना असतो. त्या अर्ध्या तासात दोन्ही कोड एकाच डेटाबेसवर चालले पाहिजेत. टेबलातल्या रकान्याचं नाव सरळ बदललं की जुना कोड तिथेच पडतो.

म्हणून बदल तुकड्यांत करा. आज नवा रकाना जोडा. पुढच्या आवृत्तीत कोड दोन्ही रकान्यांत लिहू दे. जुन्या ओळी हजार-हजारच्या गठ्ठ्यांनी भरून काढा. मग वाचणं नव्याकडे वळवा. जुना रकाना दोन आठवड्यांनी काढा.

आणि टेबल बदलणाऱ्या कमांडला कुलपाची मुदत (लॉक टाइमआउट) घाला, २-३ सेकंदांची. कारण असं: तुमची कमांड एखाद्या लांब क्वेरीमागे थांबते, आणि तिच्यामागे त्या टेबलाकडे येणारी प्रत्येक क्वेरी थांबते, साधी वाचणारीसुद्धा. तुमची कमांड चालतही नसते, तरी सगळं गाव रांगेत. मुदत असेल तर ती माघार घेते आणि तुम्ही पुन्हा प्रयत्न करता. इंडेक्स बांधताना टेबल अडू नये म्हणून 'कनकरंटली' लिहायला विसरू नका.

११. मागे फिरायची वाट

पॅच लावण्याआधीच ठरवा: काय दिसलं तर मागे फिरायचं, आणि कोण ठरवणार. "जरा बघू, होईल ठीक" म्हणत तास जातो. माझी मर्यादा १० मिनिटांची. तेवढ्यात कारण कळलं नाही तर मशीन पुन्हा बाजूला काढतो. सेवा दुसऱ्यावर चालूच असते, मग निवांत शोधता येतं.

पॅकेज जुन्या आवृत्तीवर नेण्यासाठी पायरी ५ मधली यादी कामाला येते. अ‍ॅप सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) असेल तर आणखी सोपं. डेटाबेसच्या बाबतीत मात्र स्नॅपशॉटवर परत जाऊ नका. मधल्या वेळेत काउंटरवर झालेल्या एंट्री त्यात नसतात, आणि ग्राहकाच्या हातात पावती असते.

१२. नोंद

साधी वही किंवा शेअर केलेली फाइल चालेल. लॉग मात्र जपून ठेवा. भारतात सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवावे लागतात, आणि सुरक्षेची घटना लक्षात आली तर ६ तासांत कळवावी लागते. कोणत्या दिवशी कोणता पॅच लागला होता हे तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

आमच्या वहीतली एक नोंद अशी दिसते:

बुधवार, दुपारी ३:३५. अ‍ॅप १ मेंटेनन्समध्ये. ओपनएसएसएल आणि कर्नल अपडेट, रीबूट, ३:४८ ला परत. अर्धा तास निरीक्षण, चुका नाहीत.
४:२०. अ‍ॅप २ तसंच, ४:३१ ला परत.
४:४०. रेप्लिका अपडेट. ४:५२ पॉज, मुख्य डेटाबेस रीस्टार्ट, रिझ्यूम. सगळ्यात उशिरा आलेलं उत्तर ४ सेकंद.
पुसलेल्या लायब्ररींची यादी: तिन्ही ठिकाणी रिकामी, मुख्य डेटाबेस मशीनवर फक्त एसएसएच. ५:०२ ला रीस्टार्ट केलं.
बाकी: मुख्य डेटाबेस मशीनचा कर्नल रीबूट, पुढच्या बुधवारी भूमिका बदलून. लोड बॅलन्सर २ चा रीबूटही त्याच दिवशी.